आकडा

भुसार बाजारात आकड्याला दोन अर्थ.
एक हमालाच्या मुठीतला, लोखंडी, बाकदार.
तागाच्या पोत्यात खुपसला की पोतं पाठीवर येतं
आणि मागे बोटभर भोक राहतं.
दुसरा मी लिहितो, रोज सकाळी,
दुकानाबाहेरच्या फळ्यावर, खडूने.

पहिल्या आकड्याच्या भोकातून
कोंडाबाई खुडेचं घर चालायचं.

गुलटेकडीला एक उतार आहे, चालताना कळत नाही,
सांडलेला दाणा मात्र ओळखतो त्याला.
गव्हाचा, हुलग्याचा, तुरीचा दाणा
ट्रकच्या चाकांमागून घरंगळत गटाराच्या जाळीपर्यंत जायचा,
आणि जाळीच्या अलीकडे ती बसलेली.
शिंदीचा झाडू, सूप, दोन चाळण्या,
आणि मिरचीच्या गाळ्याकडचा वारा फिरला तर
नाकावर ओढायला एक फडका.
संध्याकाळी गेटाबाहेर मापटं मांडायची.
सगळ्या धान्यांची मिसळ, खडे वेचलेले,
धूळ घरी धुऊन घ्यायची.
आंबेडकरनगरच्या बायका घासाघीस करत नसत.
कशाची करणार? भाव आधीच जमिनीवरून उचललेला.

आधीची तीन मुलं गेली म्हणून आईने नाव ठेवलं कोंडा.
यमाला वाटावं, या घरात दाणे नाहीतच.
हे तिनेच सांगितलं, हसत, माझ्या काट्यावर उभं राहून.
त्रेचाळीस किलो भरली.
"चाळणीसकट," म्हणाली.

मग तूरडाळ शंभरावर गेली. मग दीडशेवर.
मी फळा पुसायचो, लिहायचो, पुसायचो.
बोटं इतकी पांढरी, की बायकोने विचारलं,
कणीक मळून आलात का कुठे?
पेपरात कारणं होती. कुठे लढाई, कुठे दुष्काळ,
कुठल्या देशाने विकणंच थांबवलेलं,
कुठल्या समुद्रात गव्हाचं जहाज महिनाभर अडलेलं.
मी तिला वाचून दाखवलं.
ती सुपातला काळा खडा शोधत म्हणाली,
"मंग त्या जहाजात सांडल्यालं कोन झाडतं?"

भाव चढला तसे सगळ्यांचे हात जपून चालू लागले.
शेठने आकड्यांवर बंदी आणली.
ताग गेला, प्लॅस्टिकची पोती आली, दुहेरी शिवणीची.
ट्रकखाली ताडपत्री,
ताडपत्रीच्या टोकाला शेठने ठेवलेला पगारी पोरगा, नवा झाडू घेऊन.
फळ्यावरची महागाई मीच लिहीत होतो,
पण पाहिली ती त्या जाळीत:
आठ दिवस एक दाणा अडकला नव्हता.

रेशनच्या दुकानात तिचा अंगठा उठत नव्हता.
चाळीस वर्षं खडे वेचून रेघा झिजलेल्या.
मशीन म्हणे, पुन्हा ठेवा.
"ठिवला की," ती त्या मशीनलाच सांगायची,
"व्हता तेवढा ठिवला."

एका मंगळवारी शेठ जेवायला गेला,
पोरगा तंबाखू मळत बसलेला,
मी गोदामातून जुना आकडा काढला.
गव्हाच्या पोत्याच्या कुशीला लावला आणि ओढला.
भित्र्या माणसाचं ओढणं ते, तरी तीनेक किलो वाहिले.

ती उठली नाही.
आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.
"सांडल्यालं माजं, तोलणार," म्हणाली,
"सांडिवल्यालं शेटचं."
आणि सूप घेऊन आली, पोतं परत भरलं, ओंजळ ओंजळ,
माझ्याकडून दाभण मागून घेतलं, भोक शिवलं.
काँक्रीटच्या भेगेत जे उरलं
ते झाडूच्या काडीने टोकरून काढलं, पदरात बांधलं.
ते तिच्या हिशेबात सांडलेलं होतं.

मी पोतं काट्यावर चढवलं.
पन्नासाला दोनशे ग्रॅम कमी.
तीस वर्षं तोलतोय, खोटं वजन कधी लिहिलं नाही.
वहीत लिहिलं: घट, दोनशे ग्रॅम.
शेजारी कारणाचा रकाना.
तिथे बराच वेळ पेन टेकवून बसलो,
कागदावर शाईचा ठिपका वाढत गेला.
मग शेठची स्कूटर वाजली
आणि मी लिहिलं,
उंदीर.